पिकअपच्या हौद्याला काय बसवावं?

इंदूरच्या चोइथराम मंडीत बटाटे-कांदे आणि मधूनच लोहा मंडीचे पाइप वाहणार, तर पिकअपच्या हौद्याला आतून काय बसवावं, असं तुम्ही विचारलंय. मग आयता प्लॅस्टिकचा लायनर, म्हणजे हौद्यात ठेवायचं तयार अस्तर, घेऊ नका. दिसतो छान, पण त्याच्याखाली पाणी आणि माती साचते, रस्त्याच्या हादऱ्यांनी तो रंग घासत राहतो आणि गंज आत लपून वाढतो. शिवाय गुळगुळीत असतो. ब्रेक मारला की माल पुढे सरकतो.

बरेच जण चेकर प्लेट, म्हणजे उठावदार नक्षीचा लोखंडी पत्रा, वेल्ड करून घेतात. मजबूत खरीच, पण हिशेब करा: ३ मिमी पत्रा चौरस मीटरला साधारण २४ किलो. ९ बाय साडेपाच फुटी हौद्याच्या नुसत्या तळालाच ११० किलोच्या आसपास. तेवढा माल प्रत्येक फेरीला कमी. वेल्डिंगच्या जागी रंग जळतो, तिथे प्रायमर हवाच.

मी असतो तर पॉलियुरेथेनचं, म्हणजे एका चिवट प्लॅस्टिकचं, स्प्रे कोटिंग केलं असतं, पावसाळ्याआधी. ते पत्र्याला चिकटून बसतं, खाली पाणी शिरत नाही. मात्र आधी गंज खरवडून, तेलकटपणा काढून पत्रा पूर्ण कोरडा हवा. घाई करणाऱ्याकडे जाऊ नका.

बजेट नसेल तर जाड रबरी मॅट. आठवड्याला उचलून धुवायची, एवढंच.