पाश्चात्त्य अभिजात संगीत समजण्यासाठी आधी कोणत्या संज्ञा शिकाव्यात?

प्रश्नकर्त्याने सोनाटा, कॉन्चेर्टो, ओपस, अलेग्रो, कॉर्ड, मेजर आणि मायनर अशी यादी देऊन यांतले आधी काय शिकावे असे विचारले आहे, आणि आपण ख्याल ऐकत वाढल्याचेही सांगितले आहे. या यादीचा बराचसा भाग कोणत्याही कोशात सापडेल आणि तो पाठ करून कानाला काहीही मिळणार नाही. अलेग्रो म्हणजे जलद आणि अडाजिओ म्हणजे संथ. सोनाटा बहुधा एका किंवा दोन वाद्यांसाठी, सिम्फनी वाद्यवृंदासाठी, आणि कॉन्चेर्टोत वाद्यवृंदासमोर एक प्रमुख वादक. मूव्हमेंट म्हणजे कृतीचा एक स्वतंत्र भाग. स्केल म्हणजे स्वरांची चढती ओळ; तिच्यात गंधार शुद्ध असेल तर मेजर, कोमल असेल तर मायनर. ओपस हा बहुधा प्रकाशनाच्या क्रमाने पडलेला आकडा, तर मोझार्टच्या कृतींपुढचा 'के' हा क्योखेल यांच्या १८६२ च्या सूचीतला. एवढ्यावर काम भागते. ख्याल ऐकणाऱ्या माणसाची खरी अडचण या शब्दांची नसते, षड्जाची, म्हणजे आधारस्वर 'सा'ची असते, आणि नेमक्या त्याच गोष्टीवरून आमच्या घरात कित्येक वर्षे वाद चालू असल्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

माझे सासरे किराणा घराण्याच्या गायकीचे भक्त आहेत, त्यांनी रीतसर तालीम घेतलेली आहे, आणि त्यांचा कान माझ्यापेक्षा तयार आहे हे मला मान्य आहे. मी लहानपणी गिरगावात एका गोवेकर बाईंकडे पियानो शिकले. एका गणपतीत डोंबिवलीच्या घरी नातेवाईक जमले असताना मला काहीतरी वाजवण्याचा आग्रह झाला, म्हणून मी मोझार्टच्या सी मेजरमधल्या सोनाटाचा, म्हणजे के. ५४५ चा, पहिला भाग घेतला. मोझार्टने २६ जून १७८८ रोजी आपल्या वहीत या कृतीची नोंद नवशिक्यांसाठीचा छोटा सोनाटा अशी केली आहे. पियानो शिकणारी बहुतेक मुले ती कधी ना कधी वाजवतात. मी बाकावर बसले तोच सासऱ्यांनी आपला इलेक्ट्रॉनिक तानपुरा पांढरी एकमध्ये, म्हणजे तिकडच्या सी स्वरात, लावून पियानोवर ठेवला आणि म्हणाले, "सा धरल्याशिवाय गाणे कसले? आता वाजव."

सुरुवात छान झाली. मुख्य सुरावट सा, ग, प अशी चढते आणि नी, सा, रे, सा अशी वळते. तानपुऱ्याशी ती इतकी जुळत होती की मागून कोणीतरी "बिलावल" असे म्हणालेही. थोड्या ताना झाल्या, दुसरी सुरावट सुरू झाली आणि तीव्र मध्यम लागू लागला. "अगं, तुझा सा सरकला!" सासरे ओरडले. मी वाजवत राहिले. मधल्या भागात कोमल गंधार आला, कोमल निषाद आला, आणि नंतर मूळ सुरावट परत आली ती सा, ग, प अशी नव्हे, तर म, ध, सां अशी. "आधी बिलावल, मग यमन, आता खमाज. राग तरी कोणता म्हणायचा हा?" सगळे हसले. सासऱ्यांनी तानपुरा बंद केला, "यांना सा नसतो" असा निकाल दिला आणि ते आरतीच्या तयारीला उठून गेले.

माझा राग त्या निकालाबद्दल आहे, त्यांच्या कानाबद्दल मुळीच नाही. त्यांनी ऐकलेला प्रत्येक स्वर बरोबर होता, आणि "तुझा सा सरकला" यापेक्षा मॉड्युलेशनची नेमकी व्याख्या मी कोणत्याही पुस्तकात वाचलेली नाही. सी मेजरमधला पंचम आता नवा षड्ज झाला. त्याला स्वतःचा शुद्ध निषाद हवा, म्हणून जुन्या षड्जाच्या हिशेबाने मध्यम तीव्र झाला. एवढा एक स्वर बदलला की जी मेजर स्केल तयार होते. आपल्याकडे मूर्च्छना म्हणून षड्ज हलवून दाखवतात, पण तानपुरा जागचा हलत नसल्यामुळे तो क्षणभराचा आभास राहतो आणि त्याची गंमत त्यातच असते. तिकडे खाली तानपुरा नाही, त्यामुळे षड्ज खरोखर घर सोडतो, आणि सोनाटा रचनेचे सगळे नाट्य तो कधी आणि कसा परत येतो यावर उभे असते. यांना सा नसतो असे नव्हे. यांचा सा प्रवासाला निघतो.

ही एक गोष्ट कळली की यादीतल्या उरलेल्या संज्ञा आपोआप जागेवर बसतात. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार स्वर हे सर्वांना ठाऊक असते, पण त्यांचे मुख्य काम षड्ज कुठे आहे हे सांगण्याचे आहे, कारण ते सांगायला तानपुरा नाही. प, नी, रे, म हे चार स्वर एकत्र वाजवून थांबा; निषाद षड्जाकडे आणि मध्यम गंधाराकडे ओढ घेतो, आणि पुढे सा, ग, प वाजले की ती ओढ शमते. यालाच कडन्स म्हणतात. आपल्या न्यासाशी तिचे नाते आहे, पण न्यास एकाच स्वरावर होतो आणि इथे सगळे स्वर मिळून विसावतात. प्रश्नकर्त्याला हे नवे वाटणार नाही, कारण गोव्याच्या चर्चच्या शाळांमध्ये सोल्फेज (स्वरनामे म्हणत गाण्याचा अभ्यास) आणि व्हायोलिन शिकलेल्या माणसांनी मुंबईच्या स्टुडिओंत बसून आपल्या चित्रपटगीतांच्या खाली अशाच कॉर्ड लिहून ठेवल्या आहेत.

पियानो बेसूर असतो हा सासऱ्यांचा दुसरा आरोप मात्र खरा आहे. तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार षड्जापासून साधारण ३८६ सेंटवर (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) असतो आणि पियानोचा ४०० सेंटवर, म्हणजे तो १४ सेंट चढा असतो, आणि किराण्याच्या कानाला ते खुपणारच. पण सप्तकाचे बारा सारखे भाग हे अज्ञानातून केलेले नाहीत. कोणताही स्वर षड्ज व्हावा आणि तिथेही स्केल तशीच वाजावी यासाठी मोजलेली ती किंमत आहे. ती फार मोठी आहे असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही; ती कशासाठी मोजली हे न ऐकता कोणी हसले तर जरूर घालीन.

षड्जाच्या प्रवासात तिकडचे जाणकारही फसले आहेत. बेथोव्हेनच्या तिसऱ्या सिम्फनीच्या पहिल्या भागात व्हायोलिने अजून परतीच्या वाटेवर असतानाच हॉर्न मूळ सुरावट मूळ षड्जावर वाजवू लागतो. पहिल्या तालमीत रीस हा त्याचा शिष्य शेजारी उभा होता. वादकाचे मोजमाप चुकले असे समजून तो त्याला नावे ठेवू लागला आणि गुरूची थप्पड खाता खाता वाचला. हॉर्नला तसेच लिहून दिलेले होते.

एक मर्यादा सांगायला हवी. हे सारे साधारण सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंतच्या संगीताला लागू पडते. त्याआधीच्या, सोळाव्या शतकातल्या पालेस्त्रीना या रचनाकाराकडे ते या अर्थाने शोधू नये, आणि शोनबर्ग या रचनाकाराने १९२० च्या दशकात आणलेल्या बारा स्वरांच्या पद्धतीत षड्ज ही कल्पनाच बाजूला ठेवलेली आहे. एकाच वेळी दोन-तीन स्वतंत्र सुरावटी चालवण्याचे काउंटरपॉइंट हे प्रकरणही मी इथे सोडले आहे. बाखकडे वळायचे असेल तर त्याशिवाय भागणार नाही.

प्रश्नकर्त्याने आता शब्द बाजूला ठेवून के. ५४५ चा पहिला भाग काढावा आणि फोनवर पांढरी एकचा तानपुरा लावून तो ऐकावा. तानपुरा जिथे बोचू लागेल तिथे षड्ज सरकला असे समजावे. दुसऱ्यांदा तानपुऱ्याशिवाय ऐकावे, म्हणजे ती बोच नाहीशी होऊन ओढ ऐकू येईल. आणि तिसऱ्यांदा शेवटच्या अर्ध्या मिनिटापुरता तानपुरा पुन्हा लावावा, कारण आधी पंचमाच्या घरी वाजलेली दुसरी सुरावट तिथे पांढरी एकवर येते आणि ती षड्जाशी पूर्ण जुळते. घरातल्या कोणा ज्येष्ठांना सोबत बसवले असेल, तर तो अर्धा मिनिट होईपर्यंत त्यांना आरतीच्या तयारीला उठू देऊ नये.