नवीन ग्राफिक कार्ड टाकल्यापासून पीसीतून बारीक चीं आवाज येतोय, कार्ड खराब निघालं का?

लगेच कार्ड काढून दुकानात पळू नका. तुम्ही लिहिलंय की विंडोजवर सगळं शांत आणि गेम लावला की चीं सुरू, त्यातही गेमच्या मेनूत सगळ्यात जास्त, तर हे मेनूचं सांगितलंत ते बरं झालं. मेनूत कार्डाला काम काहीच नसतं, मग फ्रेमवर (म्हणजे पडद्यावरच्या एकेका चित्रावर) मर्यादा, म्हणजे लॉक, नसेल तर ते सेकंदाला शेकड्याने फ्रेम काढत बसतं. पंखा असा वागत नाही. मला तरी ही कॉइल व्हाइन, म्हणजे कार्डातल्या कॉइलची किरकिर वाटते.

माझ्याकडे सेम झालेलं. कार्ड बसवलं, रात्री गेम लावला तर आई बाहेरून म्हणाली त्या डब्यात रातकिडा शिरलाय का बघ. मला वाटलं बेअरिंग गेलं, कॅबिनेटचे दोन्ही पंखे बदलले, हजार-बाराशे घातले, रातकिडा आपला तिथंच. शेवटी जुनं कालनिर्णय गुंडाळून नळी केली, एक टोक कानाला आणि दुसरं कॅबिनेटमध्ये फिरवत गेलो (पात्यांपासून लांब धरा, माझा एक कोपरा कुरतडला गेला), तर आवाज कार्डावरच्या त्या करड्या चौकोनी ठोकळ्यांतून येत होता. ते चोक, आत तांब्याची कॉइल असते, करंट वरखाली झाला की ती चुंबकी ओढीने किंचित थरथरते. त्यांचं स्विचिंग (करंटची चालू-बंद) काही लाख हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला काही लाख वेळा चालतं, ते आपल्याला ऐकू येत नाही कारण आपला कान जेमतेम 20,000 हर्ट्झपर्यंत, पण फ्रेमागणिक लोड कमीजास्त होतो त्याची थरथर मात्र बरोबर कानात येते. म्हणून एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बदलला की सूरही बदलतो.

तर आधी फुकटातला उपाय. एनव्हिडिया असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये मॅक्स फ्रेम रेट आहे, 2020 पासून दिलंय, तिथं मॉनिटरच्या हर्ट्झइतका आकडा टाका आणि परत त्याच मेनूत जा. एएमडी असेल तर गेममधलं व्ही-सिंक चालू करून बघा, तेही फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधतं. आवाज मेला किंवा निम्म्यावर आला तर कॉइलच, कार्डाला धोका काही नाही. तेवढ्याने नाही भागलं तर थोडं अंडरव्होल्ट करा, म्हणजे कार्डाच्या चिपचं व्होल्टेज जरा कमी करा.

काहीच फरक पडला नाही तर मग झाकण उघडा. नवीन कार्ड लांब असतं, ते बसवताना केबली सरकतात आणि एखादी पंख्याला लागून टर्रर्र करते, झिपटाय लावला की संपलं. अचानक घर्र होऊन थांबत असेल तर तेही नॉर्मल, हल्ली बऱ्याच कार्डांचे पंखे साधारण 50-60 डिग्रीपर्यंत बंदच असतात. नळीतून आवाज एसएमपीएसमधून (पीसीला वीज देणाऱ्या डब्यातून) आला तर तो उघडू नका, प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, कुणाकडून तरी दुसरा एसएमपीएस उसना घेऊन लावून बघा. आणि आवाज फक्त हेडफोनमध्येच असेल तर वेगळी भानगड, पुढचा जॅक सोडून मागच्यात लावा.

वॉरंटीत कॉइल व्हाइनला बहुतेक वेळा दोष धरत नाहीत, त्यामुळे रिटर्नची मुदत बाकी असेल तर आजच मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून दुकानदाराला ऐकवा. माझं कार्ड तेच आहे, 75 एफपीएसवर लॉक, एका जुन्या गेमच्या लोडिंगला तेवढं अजून किरकिरतं.