इंदूरमध्ये राहून सॉफ्टवेअरचा व्यवसाय करता येतो का, की पुणे गाठावेच लागते?

नोकरीपुरते बोलायचे तर पुण्याला जाण्याची सक्ती आता उरलेली नाही. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिसची संकुले आहेत, खंडवा रोडवर क्रिस्टल आयटी पार्क आहे, आणि १९५२ पासूनचे एसजीएसआयटीएस हे अभियांत्रिकी महाविद्यालय व २००९ मध्ये सुरू झालेली आयआयटी यांमुळे शिकलेली मुलेही इथेच मिळतात. मात्र पहिल्या नोकरीचा पगार पुण्याच्या मानाने कमी असतो, हे आधीच मान्य करावे.

व्यवसायाची गोष्ट वेगळी आहे. वार्षिक उलाढाल ५ कोटींहून अधिक असलेल्या व्यापाऱ्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस (जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवायचे बिल) सक्तीचे झाले, तेव्हा इंदूरच्या रामबागेतल्या दोन खोल्यांतून चालणाऱ्या आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या कामाला खरी गती मिळाली. सीतलामाता बाजारातल्या एका कापड व्यापाऱ्याचे मुनीमजी बिल आधी लाल वहीत लिहीत आणि मगच संगणकाला हात लावत. म्हणून आम्ही पडद्यावरचे रकाने त्यांच्या वहीच्याच क्रमाने मांडले, आणि त्यांची तक्रार थांबली. असे ग्राहक पुण्यात बसून सांभाळता येत नाहीत. आपल्या मराठी घरांत ‘आधी नोकरी पक्की कर’ हे ऐकावे लागतेच (मीही ऐकले), तेव्हा वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवून, हिंदीत नीट बोलणी करता येतील अशी तयारी करूनच सुरुवात करावी.