विंडोच्या क्लासमधून ग्रंथालयाचे नियम आधी बाहेर काढा

बडोद्यातील एका मराठी मंडळाच्या ग्रंथालयासाठी आपण जावा स्विंगमध्ये (जावा भाषेतील विंडो, बटणे इत्यादी बनवण्याच्या साधनसंचात) पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्राम लिहीत आहात, मुख्य विंडोचा क्लास दोन हजार ओळींच्या पुढे गेला आहे, आणि आता पडद्याचे कोड आणि बाकीचे कोड वेगळे ठेवण्याच्या एमव्हीसी, एमव्हीपी आणि एमव्हीव्हीएम या पद्धतींपैकी (पॅटर्नपैकी) काय निवडावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. ग्रंथालयाचे नियम आज आपल्या कोडमध्ये नेमके कोठे आहेत, हे आधी पाहायला हवे.

आपण दाखवलेले ‘पुस्तक जमा’ हे बटणच घेऊ. त्याच्या लिसनरमध्ये, म्हणजे बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, सभासद क्रमांक वाचला जातो, डेटाबेसला क्वेरी जाते, उशिराचे दिवस मोजून दंड काढला जातो, दंडाचे लेबल लाल होते, तक्त्यातील ओळ निघते आणि शेवटी बटण बंद होते. यातील दंडाच्या हिशेबाचा पडद्याशी काहीही संबंध नाही. ज्येष्ठ सभासदांना दंड माफ करायचा किंवा दिवाळी अंक आठवड्यात परत मागायचे, असे मंडळाने उद्या ठरवले, तर आपल्याला बटणाच्या आत शिरून बदल करावा लागेल. आणि थकबाकीच्या यादीतही तोच हिशेब पुन्हा लिहिलेला असल्यामुळे तो दोन्हीकडे करावा लागेल, त्यातली एक जागा हमखास राहून जाईल. म्हणून ‘देवघेव’ नावाचा वेगळा क्लास करा आणि त्यात स्विंगचा एकही इम्पोर्ट येऊ देऊ नका. एकही विंडो न उघडता, केवळ जेयुनिट या जावाच्या चाचणी-साधनातील चाचणीतून दंड बरोबर येतो की नाही हे तपासता आले, म्हणजे विभागणी जमली असे समजा.

ट्रिग्वे रीन्सकॉग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात स्मॉलटॉक या प्रोग्रामिंग भाषेच्या संदर्भात एमव्हीसीची (मॉडेल, व्ह्यू म्हणजे दिसणारा पडदा, आणि कंट्रोलर यांची) कल्पना मांडली, तेव्हा मॉडेल म्हणजे डेटाबेसमधील टेबल असा तिचा अर्थ नव्हता. वापरणाऱ्याच्या मनात विषयाचे जे चित्र असते, ते मॉडेलमध्ये उतरावे, ही अपेक्षा होती. आपल्या ग्रंथपालांच्या मनात सभासद, पुस्तक, मुदत आणि दंड आहेत. मॉडेलमध्येही हेच शब्द दिसले पाहिजेत. त्या मूळ मांडणीतील कंट्रोलर कीबोर्ड आणि माउस सांभाळत असे. स्विंगमध्ये ते काम घटक स्वतःच करतात, व्ह्यू आणि कंट्रोलर तेथे एकमेकांत मिसळलेले आहेत, त्यामुळे पाठ्यपुस्तकातील मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर अशी तीन चौकोनांची आकृती येथे जशीच्या तशी बसवण्याचा आग्रह धरू नका. एमव्हीव्हीएम २००५ मध्ये डब्ल्यूपीएफ या मायक्रोसॉफ्टच्या साधनसंचातील डेटा बाइंडिंगच्या (माहिती बदलली की पडदा आपोआप बदलण्याच्या सोयीच्या) आधाराने पुढे आले. स्विंगमध्ये तसे बाइंडिंग अंगभूत नाही. आपल्यासाठी एमव्हीपी योग्य आहे : विंडोने फक्त दाखवावे आणि काय घडले ते कळवावे, निर्णय प्रेझेंटर या वेगळ्या क्लासने घ्यावा. आपल्याला पडदा मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत हवा आहे, तेव्हा या विभागणीचा लाभ लगेच मिळेल. लेबले रिसोर्स बंडलमधून, म्हणजे प्रत्येक भाषेच्या शब्दांच्या वेगळ्या संचातून, येतील आणि प्रेझेंटरला भाषेचा पत्ताही लागणार नाही.

मॉडेल बदलले हे तक्त्याला कळवण्यासाठी ऑब्झर्व्हर (बदलाची सूचना पोहोचवणारी रचना) लागतो, आणि तो स्विंगने आधीच दिलेला आहे. ‘ॲबस्ट्रॅक्ट टेबल मॉडेल’पासून आपला क्लास बनवा आणि जी ओळ बदलली तिचीच सूचना द्या. प्रत्येक वेळी ‘सगळा तक्ता बदलला’ असे कळवले, तर ग्रंथपालांनी निवडलेली ओळ सुटते. एका सभासदाची चार पुस्तके ओळीने जमा करणाऱ्याला हा जाच फार होतो. तात्पुरत्या डायलॉगने दीर्घकाळ राहणाऱ्या मॉडेलवर लिसनर लावला असेल, तर डायलॉग बंद होताना तो काढून टाका, नाहीतर बंद झालेला डायलॉगही मेमरीत अडकून राहतो.

कमांड पॅटर्नसाठीही (एखादी कृती स्वतंत्र वस्तू म्हणून मांडण्याच्या पद्धतीसाठीही) वेगळा सांगाडा उभारू नका. स्विंगची ‘ॲक्शन’ हीच कमांड आहे. ‘जमा’ची एक ॲक्शन करून ती बटण, मेनू आणि कीबोर्डचा शॉर्टकट या तिघांना द्या. मग निवडलेली ओळ नसताना ती एकदा बंद केली की तिन्ही वाटा एकदम बंद होतात. आज आपल्या कोडमध्ये बटण बंद होते, मेनू मात्र उघडाच राहतो, आणि ओळ न निवडता जमा केल्यावर येणारी ‘नल’ची (वस्तूच नसल्याची) चूक बहुधा तेथूनच येत असावी.

क्वेरी चालू असताना विंडो गोठते, याला पॅटर्न निवडून उपाय सापडणार नाही. स्विंगचा सगळा पडदा एकाच थ्रेडवर (कामे एकामागून एक करणाऱ्या धाग्यावर) चालतो आणि आपण त्याच थ्रेडला डेटाबेसची वाट पाहायला लावले आहे. क्वेरी ‘स्विंग वर्कर’मध्ये (पार्श्वभूमीच्या वेगळ्या थ्रेडवर काम चालवणाऱ्या क्लासमध्ये) न्या, पार्श्वभूमीच्या थ्रेडवरून लेबलाला हात लावू नका, ते काम त्याच्या ‘डन’ मेथडमध्ये (काम संपल्यावर पडद्याच्या थ्रेडवर चालणाऱ्या भागात) करा.

सगळा क्लास एकदम मोडायला घेऊ नका, कारण ग्रंथालय रोज उघडते आणि प्रोग्रामही रोज चालला पाहिजे. प्रथम दंडाचा हिशेब बाहेर काढून बटण आणि थकबाकीची यादी या दोघांनाही तोच वापरायला लावा. नंतर ‘जमा’साठी प्रेझेंटर लिहा, त्याच धर्तीवर ‘पुस्तक देणे’ घ्या. सभासद नोंदणीचा फॉर्म साधा आहे आणि त्यात नियम जवळजवळ नाहीत, तेव्हा तो आहे तसाच राहिला तरी काही बिघडत नाही.