नवा फोन: २७ हजार हप्त्याने की १९ हजार रोखीने?

धायरीच्या एका भगिनींनी पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्या घरी ब्लाउज शिवतात आणि आरीकाम करतात. खर्च वजा जाता त्यांच्या हाती महिन्याला १८ ते २४ हजार रुपये येतात. पती खेड शिवापूरजवळच्या कारखान्यात नोकरीला असून त्यांचा पगार ३२ हजार आहे. घरभाडे, शिक्षण आणि दुचाकीचा ३,१०० रुपयांचा हप्ता धरून घरखर्च ३८ हजारांच्या आसपास जातो. बचत खात्यात ६५ हजार आहेत आणि ३ हजारांची आरडी चालू आहे. २०२१ मध्ये घेतलेला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवणुकीचा फोन आता भरला आहे, बॅटरी दुपारीच उतरते, आणि मुलगी जूनमध्ये अकरावीत जाणार असल्याने तिलाही फोन हवा आहे. त्यांच्यापुढे तीन पर्याय आहेत. पहिला, २७ हजारांचा वक्राकार स्क्रीनचा देखणा फोन १२ बिनव्याजी हप्त्यांवर घेऊन जुना मुलीला द्यावा. दुकानदार तोच फोन रोखीने २५ हजारांना देतो. दुसरा, १२-१२ हजारांचे दोन फोन घ्यावेत. तिसरा, भाव उतरतील या आशेवर वर्षभर थांबावे.

ताई, आपला फोन ही आपल्या व्यवसायाची वस्तू आहे. गिऱ्हाईक त्यावरच नमुना पाठवते, आपण झालेल्या कामाचा फोटो त्यावरूनच दाखवता आणि शिलाईचे पैसेही त्यावरच जमा होतात. त्यामुळे हा खर्च चैनीचा म्हणून बाजूला ठेवावा, असे मी म्हणणार नाही. मात्र तो किती रुपयांचा असावा आणि कोणत्या पैशातून व्हावा, या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी काढावी लागतील. दुकानात ती एकत्र केली जातात, आणि नेमके तेथेच आपले नुकसान होते.

आधी हप्त्यांचे पाहू. बिनव्याजी म्हणून सांगितलेल्या हप्त्यांतही व्याज असते. ते फक्त दुसऱ्या नावाखाली आकारले जाते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळवले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नाही. आपल्या उदाहरणात महिन्याचा हप्ता २,२५० रुपये होतो. क्रेडिट कार्डावर वार्षिक १५ टक्के दर धरला, तर या हप्त्यांत सुमारे २,०७० रुपये व्याज दडलेले असते आणि तेवढी सूट विक्रेत्याने दिल्याचे दाखवून हिशेब जुळवला जातो. पण या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे ३७० रुपये, आपल्यालाच भरावा लागतो. त्यात १९९ रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्यावरचा कर मिळवला की आणखी २३५ रुपये होतात. शिवाय रोखीने मिळणारी २ हजारांची सूट हातची जाते. एकंदर सुमारे २,६०० रुपये जादा गेले. २५ हजारांच्या वस्तूसाठी एका वर्षात एवढे जादा देणे म्हणजे वर्षाला सुमारे १९ टक्के दराने कर्ज घेणे होय, कारण दरमहा मुद्दल फिटत जाते आणि सरासरी कर्ज निम्म्याच्या आसपासच राहते.

क्रेडिट कार्डाऐवजी वित्त कंपनीचे कर्ज घेतले, तर व्याजावर जीएसटी लागत नाही. पण तेथे शुल्के वेगळी असतात आणि कर्जाची नोंद आपल्या पतइतिहासात होते. एखादा हप्ता चुकला, तर पुढे व्यवसायासाठी मोठी शिलाई यंत्रे घेताना त्याचा त्रास होऊ शकतो. कोणत्याही कारणाने हाच मार्ग घ्यावा लागला, तर सही करण्यापूर्वी कर्जाच्या मुख्य अटींचे पत्रक मागून घ्यावे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी ते देणे बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर लिहिलेला असतो आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. म्हणजे आपण ते मराठीत मागू शकता, आणि मागावेच.

दुचाकी आणि फोन मिळून हप्ते ५,३५० रुपयांचे होतील. दोघांच्या उत्पन्नाशी तुलना केली तर ते दहा टक्क्यांच्या आसपास जातात, आणि कागदावर हे प्रमाण घाबरण्यासारखे नाही. मला काळजी वाटते ती आपल्या उत्पन्नाच्या चढउतारांची. लग्नसराईत आणि दिवाळीपूर्वी कामाला उसंत नसते, पण आषाढात आणि पितृपक्षात गिऱ्हाईक कमी होते, हे आपणच लिहिले आहे. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेलाच जातो.

आता २७ हजारांच्या फोनकडे वळू. तो दिसायला सुंदर आहे, यात शंका नाही. पण वक्राकार स्क्रीनवर संरक्षक काच नीट बसत नाही आणि स्क्रीन फुटली तर ती बदलण्याचा खर्च सपाट स्क्रीनपेक्षा बराच जास्त येतो. शिवणयंत्राच्या टेबलावर, कात्री आणि टेपच्या गराड्यात दिवसभर राहणाऱ्या फोनसाठी हा विचार महत्त्वाचा आहे. त्याचा कॅमेरा नक्कीच सरस असेल. पण २७ आणि १९ हजारांमधील ८ हजारांचा फरक आपल्या कामात मोजून पाहावा. एका ब्लाउजमागे अस्तर, दोरा आणि वीज वजा जाता ३५० रुपये सुटत असतील, तर हा फरक भरून काढायला २३ ब्लाउज शिवावे लागतील. तेवढे जादा काम तो कॅमेरा खेचून आणेल का, याचे उत्तर माझ्यापेक्षा आपल्याला अधिक ठाऊक आहे. माझ्या मते फोटो सुधारण्याचा स्वस्त उपाय म्हणजे हजारभर रुपयांचा चांगला दिवा आणि साधा, एकरंगी पडदा.

मग किती किमतीचा फोन घ्यावा? येथे मी किमतीऐवजी वर्षाला पडणारा खर्च पाहतो, आणि तो काढताना सर्वांत निर्णायक गोष्ट म्हणजे कंपनी सुरक्षा अपडेट, म्हणजे फोनच्या सुरक्षेतील त्रुटी दूर करणाऱ्या सुधारणा, किती वर्षे देणार आहे. अस्तर बाहेरून दिसत नाही, पण ब्लाउज किती टिकेल हे त्यावर ठरते, तसेच या अपडेटांचे आहे. ज्या फोनवर आपले बँक खाते आणि यूपीआय आहे, त्याला सुरक्षा अपडेट मिळणे थांबले की तो चालू असला तरी पैशांच्या व्यवहारासाठी निवृत्त झाला असे मानावे. बहुतेकांच्या लक्षात न येणारी बाब अशी की ही वर्षे फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजली जातात, आपण तो घेतला त्या दिवसापासून नव्हे. म्हणून दीड-दोन वर्षे जुने मॉडेल सवलतीत घेताना त्याचे आयुष्यही तेवढेच कमी विकत मिळते. उदाहरणार्थ, जुलै २०२४ मध्ये आलेल्या, नथिंग कंपनीच्या सीएमएफ फोन १ ला तीनच वर्षांची सुरक्षा अपडेट जाहीर झाली होती. आज तो कितीही स्वस्त मिळाला तरी २०२७ च्या मध्यानंतर बँकेच्या कामासाठी मी त्यावर विसंबणार नाही.

आपल्या गरजेशी जुळणारे तीन फोन मी ताडून पाहिले आहेत. किमती ते बाजारात आले तेव्हाच्या आहेत. आज दुकानात त्या वेगळ्या असू शकतील.

रेडमी १४सी ५जी जानेवारी २०२५ मध्ये आला, आणि त्याची ६ जीबी रॅम व १२८ जीबीची आवृत्ती ११,९९९ रुपयांना होती. सुरक्षा अपडेट चार वर्षांची, म्हणजे २०२९ च्या सुरुवातीपर्यंत. तीन वर्षे वापर धरला तर वर्षाला ४ हजार रुपये पडतात, आणि केवळ भागाकार पाहिला तर हाच फोन जिंकतो. पण त्याची स्क्रीन ६.८८ इंचांची, म्हणजे खूप मोठी असूनही केवळ एचडी प्लस दर्जाची, म्हणजे कमी बारकावे दाखवणारी, आणि एलसीडी प्रकारची, म्हणजे रंग थोडे फिके दाखवणारी आहे. गिऱ्हाइकाशी कापडाची छटा ठरवताना, जरीचे बारीक काम मोठे करून पाहताना ही उणीव दररोज जाणवेल. फोनवर फक्त बोलायचे आणि व्हिडिओ पाहायचे असते, तर मी याचीच शिफारस केली असती.

सॅमसंग गॅलेक्सी ए१७ ५जी ऑगस्ट २०२५ मध्ये १८,९९९ रुपयांना आला. अधिक बारकावे आणि उठावदार रंग दाखवणारी फुल एचडी प्लस अ‍ॅमोलेड स्क्रीन, हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी कॅमेऱ्याची सोय, आणि सहा वर्षे अँड्रॉइड तसेच सुरक्षा अपडेट, म्हणजे २०३१ पर्यंत. या किमतीत एवढी मुदत मिळणे ही मोठी गोष्ट आहे. उणीव म्हणजे प्रोसेसर साधारण आहे आणि १८,९९९ च्या आवृत्तीत रॅम ६ जीबीच आहे. चौथ्या-पाचव्या वर्षी तो संथ वाटेल. चार्जरही वेगळा घ्यावा लागतो.

सीएमएफ फोन २ प्रो एप्रिल २०२५ मध्ये त्याच किमतीला आला, पण ८ जीबी रॅमसह. त्याचा प्रोसेसर अधिक वेगवान आहे, स्क्रीन अ‍ॅमोलेड आहे, चार्जर खोक्यातच येतो, आणि दूरचे जवळ आणणारा ५० मेगापिक्सेलचा स्वतंत्र कॅमेरा आहे, ज्याने आरीकामाचे टाके सावली न पाडता टिपता येतील. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्या तीनच वर्षे मिळतील, पण सुरक्षा अपडेट सहा वर्षांची आहेत, आणि पैशांच्या दृष्टीने मला त्यांचेच मोल अधिक वाटते. याच्या मागच्या बाजूला स्क्रू उघडे दिसतात, त्यामुळे तो इतर फोनांपेक्षा वेगळा दिसतो. ते आवडणे न आवडणे आपल्यावर सोडतो.

शेवटच्या दोन्ही फोनांसाठी मी पाचच वर्षे धरली आहेत. मधल्या काळात एकदा बॅटरी बदलण्याचे २ हजार धरले तर २१ हजारांना पाच वर्षे, म्हणजे वर्षाला ४,२०० रुपये पडतात. आपला २७ हजारांचा फोन चार वर्षे टिकला, तर हप्त्याचे शुल्क न धरताही वर्षाला ६,७५० पडतात. दोन्हींपैकी माझा कल सीएमएफकडे आहे, कारण पाच वर्षे वापरायच्या फोनात वेग आणि रॅम नंतर वाढवता येत नाहीत. मात्र घेण्यापूर्वी त्याचे अधिकृत सेवा केंद्र आपल्याला सोयीच्या अंतरावर आहे का, हे जरूर पाहावे. ते गैरसोयीचे असेल तर सॅमसंग घ्यावा. दुरुस्तीसाठी फोन आठवडाभर अडकला तर आपले काम थांबते.

दुकानात आणखी काही गोष्टींकडे दुर्लक्ष करावे. फलकावर ‘१६ जीबी रॅम’ लिहिलेले असेल, तर त्यातील निम्मी बहुधा साठवणुकीतून उसनी घेतलेली असते. खरी किती, ते विचारावे. दोन मेगापिक्सेलचे जादा कॅमेरे केवळ संख्या वाढवतात.  ५जी आता या किमतीत सर्रास मिळते, त्यामुळे त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत. जादा वॉरंटी आणि स्क्रीन विम्याची रक्कम मी खात्यातच ठेवीन, आणि चांगले कव्हर व काच घेईन.

थांबण्याचा पर्याय मला पटत नाही. २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपांचे भाव वाढत आहेत आणि स्वस्त फोनांवर त्याचा भार अधिक पडतो, त्यामुळे वर्षभराने हेच फोन स्वस्त मिळतील याची खात्री धरता येत नाही.

राहिला मुलीचा प्रश्न. दोन नवे फोन एकदम घेतले तर २४ हजार जातील आणि दोन्ही फोन मध्यमच राहतील. त्यापेक्षा जुन्या फोनची बॅटरी अधिकृत सेवा केंद्रात बदलून घ्यावी. दीड ते दोन हजारांत काम व्हावे. पुण्याच्या तपकीर गल्लीतील इलेक्ट्रॉनिक्स बाजारात ती कमी पैशांत मिळेल, पण अस्सल आहे की नाही हे सांगता येत नाही, आणि मुलीच्या हाती देण्याच्या फोनमध्ये हा धोका नको. तो फोन पूर्ण पुसून, आपले यूपीआय आणि बँकेची अ‍ॅप काढून मगच तिला द्यावा, कारण त्याची सुरक्षा अपडेट थांबली आहेत. अभ्यासाचे व्हिडिओ, वर्गाचे गट आणि पीडीएफ यांसाठी तो पुरेसा आहे. दुकानदार त्याच्या बदल्यात देत असलेले दीड हजार घेऊ नयेत. तेवढ्यात तिला दुसरा फोन मिळणार नाही. पुढे तिच्यासाठी वापरलेला फोन घ्यायचा झालाच, तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, पाहावा, तो केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर तपासावा, आणि मूळ पावती असल्याशिवाय व्यवहार करू नये.

पैसे बचत खात्यातूनच द्यावेत. नवा फोन आणि जुन्याची बॅटरी मिळून २१ हजार गेले की ४४ हजार उरतील, म्हणजे घरखर्चाचा एक महिना आणि थोडे अधिक. हे कमीच आहे. आधीचे ६५ हजारही दोन महिन्यांना पुरत नव्हते. म्हणून ज्या २,२५० रुपयांच्या हप्त्यासाठी आपण तयार होतात, तेवढीच रक्कम चालू आरडीला हात न लावता दरमहा वेगळी बाजूला टाकावी. दहाव्या महिन्यात २१ हजार भरून येतील, हप्त्यांच्या मुदतीच्या दोन महिने आधी, आणि आषाढात काम कमी पडले तर त्या महिन्यात एक हजारच टाकले तरी दंड भरावा लागणार नाही. त्यानंतरही ही सवय मोडू नये, तीन महिन्यांचा खर्च, म्हणजे सुमारे १ लाख १४ हजार, खात्यात जमेपर्यंत ती चालू ठेवावी. खरेदी लग्नसराईचे पैसे हाती आल्यावर, मेच्या अखेरीस केली तर ती आपल्याला सर्वांत कमी जड जाईल, आणि जूनमध्ये वर्ग सुरू होण्यापूर्वी जुना फोन मुलीसाठी तयारही होईल.