रहस्यकथांच्या मालिकेतील तोच नायक पुन्हा पुन्हा का वाचावासा वाटतो?

सांगलीतील वाचनालयाच्या टेबलाशी आजही एखादे वयस्कर गृहस्थ पुस्तकाचे नाव न घेता 'झुंजार आहे का?' एवढेच विचारतात, आणि आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मला त्यातच दिसते. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; त्यांतील बहुतेक कथानके वाचक विसरले, तरी झुंजार, धनंजय आणि काळा पहाड ही नावे टिकली.

नायक जिवंत राहणार हे ठाऊक असल्यामुळे उत्कंठा कमी होत नाही; उलट तो या पेचातून सुटेल कसा याकडेच सारे लक्ष लागते, आणि त्याचा स्वभाव, सवयी व सोबती परिचयाचे असल्याने ओळख करून देण्यात पाने न घालवता लेखकाला पहिल्याच प्रकरणात संकट उभे करता येते. कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्ये शेरलॉक होम्सचा शेवट केला, तेव्हा वाचक इतके नाराज झाले की १९०३ मध्ये त्याला जिवंत परत आणावे लागले.

मला स्वतःला मात्र त्या मालिका अधिक आवडतात, ज्यांत मागच्या पुस्तकात जायबंदी झालेला गुडघा पुढच्या पुस्तकात जिना चढताना नायकाला ठणकतो.