लीगमध्ये पहिला आला, मग पुन्हा टुर्नामेंट कशाला?

मुलगी रॅलीला एन.सी. स्टेट विद्यापीठात (इथे नुसतं ‘स्टेट’) एमएसला गेल्यापासून घरच्या फोनवर कॉलेज बास्केटबॉलच जास्त असतो, म्हणता. तुमचा प्रश्न रास्त आहे: लीग खेळून क्रमवारी लागली, तर मार्चमध्ये त्याच संघांना पुन्हा बाद फेरीत कशाला झुंजवायचं? मी रॅलीशेजारच्या केरीत वीसेक वर्षं राहतोय. सुरुवातीला मलाही हा तिकिटं खपवायचा धंदा वाटायचा. थोडाफार तो आहेच.

खरी गोम राष्ट्रीय स्पर्धेच्या दारात आहे. तिथे ६८ संघ जातात. प्रत्येक कॉन्फरन्सची, म्हणजे एकत्र लीग खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाची, एक जागा हक्काची, आणि ती मिळते टुर्नामेंट जिंकणाऱ्याला. लीगमधल्या पहिल्याला नव्हे. उरलेल्या जागा स्पर्धेची निवड समिती वाटते. ड्यूकसारख्या बड्या संघांना समिती तसंही घेते, त्यामुळे ते हरले तरी फारसं बिघडत नाही. छोट्या कॉन्फरन्समधून मात्र बहुधा एकच संघ जातो. हंगामभर पहिला असलेला एका संध्याकाळी घसरला की संपलं.

पूर्वी मोठ्यांचीही हीच गत होती. १९७४ चा एसीसीचा (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, स्टेट आणि ड्यूक यातलेच) अंतिम सामना, ग्रीन्सबरो. स्टेट देशात पहिले, मेरीलँड चौथे. ओव्हरटाइममध्ये स्टेटने १०३-१०० असा जिंकला आणि पुढे राष्ट्रीय विजेतेपदही मिळवलं. मेरीलँड घरी, कारण एका कॉन्फरन्सचा एकच संघ जायचा. १९७५ पासून संघ ३२ झाले आणि दुसऱ्यालाही वाट मिळाली. इथले म्हातारे तो सामना अजून कालच बघून आल्यासारखा सांगतात.

आता २०२४. स्टेट लीगचे शेवटचे चार सामने हरून १७ विजय, १४ पराभवांवर, टुर्नामेंटला दहावं सीड, म्हणजे दहावं मानांकन. समितीने ढुंकून पाहिलं नसतं. वरच्या चार संघांना पहिल्या दोन फेऱ्या माफ; यांना मात्र वॉशिंग्टनला मंगळवार ते शनिवार रोज सामना. लुईव्हिल, सिरॅक्यूज, ड्यूक गेले. शुक्रवारी व्हर्जिनिया. पाचेक सेकंद उरलेली, स्टेट तीन गुणांनी मागे, आणि फ्री थ्रो व्हर्जिनियाचा. पहिला पडला तरच दुसरा मिळणार होता. हुकला! मायकल ओ'कॉनेल चेंडू घेऊन धावला आणि बझरच्या ठोक्याला तीनच्या रेषेबाहेरून फेकला. फळीला लागून आत. माझा भाचा तेव्हा तिथेच शिकत होता, त्या दिवशी आमच्याकडे जेवायला आलेला. ताटात वरणभात कालवलेला तसाच, आणि हा सोफ्यावर उभा. बायको ओरडली ती ताटासाठी की बास्केटसाठी, अजून ठरलेलं नाही.

ओव्हरटाइममध्ये ७३-६५. शनिवारी लीगमध्ये पहिल्या आलेल्या नॉर्थ कॅरोलायनाला (हे स्टेटहून वेगळं विद्यापीठ) ८४-७६. १९८७ नंतरचं पहिलं एसीसी विजेतेपद. मग शिडी लावली आणि एकेकाने वर चढून कात्रीने जाळीचा तुकडा कापला, तशी इथे रीतच आहे. त्यानंतर हा संघ राष्ट्रीय स्पर्धेत थेट फायनल फोरपर्यंत, म्हणजे शेवटच्या चारांत गेला.

आयपीएलच्या प्लेऑफसारखं समजू नका. तिथे पहिले चारच जातात. एसीसीच्या टुर्नामेंटला आता अठरापैकी पंधरा.

नॉर्थ कॅरोलायनावर अन्याय झाला का? झालाच. पण समितीने त्यांना राष्ट्रीय स्पर्धेत पहिलं सीड दिलं, तेव्हा माझ्या डोळ्यांत काही पाणी आलं नाही. मुलीला सांगा, एसीसीच्या आधीच्या दिवसांत छोट्या कॉन्फरन्सचे अंतिम सामने असतात, ते बघ. काही तर कॉलेजच्या स्वतःच्याच जिममध्ये होतात, आणि हरणाऱ्याला समितीचा फोन यायचा नसतो.